वृक्षमंडूक : घरात पाळावा की झाडावरच राहू द्यावा?

बोटांच्या टोकांना असलेल्या चकतीसारख्या गाद्यांमुळे झाडावर किंवा गुळगुळीत भिंतीवर सहज चढणाऱ्या बेडकांना वृक्षमंडूक म्हणतात. दक्षिण गुजरातपासून गोव्यापर्यंत पावसाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीला चिकटलेला तपकिरी बेडूक बहुधा ‘पॉलिपिडेटिस मॅक्युलेटस’ या जातीचा असतो. त्याचा हिरवागार भाऊबंद, मलबारी उडता बेडूक, आंबोली आणि गोव्याच्या घाटमाथ्यावरील रानांत आढळतो. बोटांमधील लालसर पडदे पसरून तो एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जातो. मादी पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचे घरटे करते. पिल्ले तेथून थेट खालच्या पाण्यात पडतात.

पाळणे कठीण का?
बेडकाची त्वचा पाणी शोषते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन किंवा हाताला लागलेला साबण त्यामुळे थेट शरीरात जातो. वर्षावनातील जातींना सतत ओलावा, मध्यम तापमान आणि जिवंत कीटकांचा आहार लागतो. सुरतेत उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. तेथे काचेच्या पेटीत असा ओलावा राखताना वायुवीजन कमी पडले, तर बुरशी वाढते. फेसाच्या घरट्यासाठी लागणारी पाण्यावरची फांदी पेटीत कुठली?

कायदा
मध्य अमेरिकेतील लाल डोळ्यांच्या वृक्षमंडूकाचा २०१० मध्ये ‘साइटिस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समावेश झाला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार अशा विदेशी प्राण्यांची ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी बंधनकारक आहे. खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून कागदपत्रे पाहावीत.

खरा धोका
कायट्रिड बुरशी बेडकांच्या त्वचेला ग्रासते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार तिच्यामुळे किमान ५०१ उभयचर जाती घटल्या, त्यांपैकी ९० नामशेष झाल्या असाव्यात. उभयचरांच्या व्यापाराने तिचा प्रसार वाढला. पश्चिम घाटातही तिची नोंद झाली आहे. म्हणून कंटाळा आला म्हणून विदेशी बेडूक ओढ्यात किंवा बागेत सोडणे, ही दया नव्हे; स्थानिक बेडकांवर ओढवलेले संकट ठरू शकते. सांभाळणे अशक्य झाल्यास वनखात्याशी संपर्क साधावा.

घरात आलेला स्थानिक वृक्षमंडूक ओल्या, साबण नसलेल्या हाताने उचलून अंगणातील झाडावर ठेवावा. त्याला पाहण्याचा आनंद तेवढ्यानेही मिळतो.