घरची शेती (लोहा परिसर)

मुख्यतः कुटुंबातील माणसांच्या श्रमावर चालणारी, बाहेरचा मजूर ऐन हंगामापुरताच लावणारी लहान धारणेची शेती. पूर्वीच्या कंधार तालुक्यातून वेगळा झालेला, नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुका हा या पद्धतीचा मराठवाड्यातील चांगला नमुना होय. उत्तरेला गोदाकाठची काळी जमीन, अहमदपूरच्या बाजूला बालाघाटाचे मुरमाड माळ. मन्याड नदीवरील लिंबोटी धरणाचे पाणी आणि विहीर-बोअरची सोय असलेली शिवारे वगळली तर पीक पावसावरच.

कृषी गणनेत एक हेक्टरपर्यंतची धारणा सीमांत आणि एक ते दोन हेक्टरची अल्प धरतात. महाराष्ट्रातील सरासरी धारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर, म्हणजे सुमारे सव्वातीन एकरांवर आली. देशाची सरासरी १.०८ हेक्टर असून ८६ टक्के धारणा अल्प व सीमांत आहेत. मात्र हे आकडे सावधपणे वाचावेत. कागदावर वाटण्या झालेले दोघे भाऊ एकाच बैलबारदान्यावर जमीन कसतात, तर एकाच नावावरच्या रानात तीन चुलींची माणसे राबतात.

अशा शेतीचा जमाखर्च कारखान्यासारखा मांडता येत नाही, हे रशियन अर्थतज्ज्ञ अलेक्सांद्र चायानोव्ह यांनी १९२५ मध्ये दाखवून दिले. किती राबायचे हे नफ्यापेक्षा घरातली खाणारी तोंडे आणि राबणारे हात यांच्या प्रमाणावर ठरते, असे त्यांचे म्हणणे. लोह्यात हे पुस्तकाविना कळते. लेकरे लहान असलेल्या घराच्या अंगावर चार एकर येतात, आणि मुलगे-सुना हाताशी आल्या की तेच घर शेजाऱ्याचे रान बटईने करायला घेते.

कामांची वाटणी बरीचशी ठरलेली असते. औत, कोळपे, फवारणी, आडतीवर माल नेणे ही पुरुषांची कामे. खुरपणी, कापूस वेचणी, बियाणे निवडून ठेवणे, शेण आणि धार ही बायकांची. फवारा पुरुषाच्या पाठीवर असला तरी त्यासाठीचे पाणी बहुधा बाईच्या डोक्यावरून येते. ते काम फवारणीत मोजले जात नाही. म्हातारी माणसे आखाड्यावर राखण करतात. पूर्वी ज्वारीवरची पाखरे हाकायची असत, आता रानडुकरांसाठी रात्र जागावी लागते आणि ती तरण्या माणसांवर येते.

घरचे हात अपुरे पडले की सावड असे : आज तुमच्या रानात, उद्या आमच्या, पैशाचा व्यवहार नाही. एकेक बैल असलेली दोन घरे मिळून औत जुंपत, त्याला वारंगुळा म्हणत. मोठा शेतकरी गुढीपाडव्याला वर्षाच्या बोलीने सालगडी ठेवी. सालगड्याची बायको-मुलेही गरजेला त्याच रानात दिसत. बोली मात्र एकट्याची झालेली असे.

१९९० नंतर पसरत गेलेल्या सोयाबीनने हे गणित मोडले. शंभर-सव्वाशे दिवसांच्या आत हाती येणारे हे पीक ट्रॅक्टरने पेरता येते, तणनाशकाने खुरपणी टळते, मळणी यंत्रातून रास एका दिवसात निघते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा एमएयूएस ७१ सारखा वाण गावोगाव पोचला. ज्वारी हटली तशी कडब्याची गंज हटली. कडबा नाही म्हणून बैल परवडेना. लाल कंधारी ही याच भागातली गोवंशाची जात. तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही तिची देखणी जनावरे येतात, पण बैलजोडी नसलेली घरे वाढत गेली. यंत्राने सर्वांत आधी पुरुषांची कामे उचलली. बायकांची खुरपणी उचलली ती तणनाशकाने. पण त्या मोकळ्या झाल्या नाहीत, सोयाबीन काढणीला गुत्त्याच्या (उक्त्या कामाच्या) टोळीत दुसऱ्याच्या रानात गेल्या. परतीचा पाऊस तोंडावर असताना सगळ्या शिवाराची काढणी एकदम येते, तिथे सावड कामी येत नाही.

२०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. त्यात पिकांचे ३,७९८, मजुरी-पगाराचे ४,०६३. म्हणजे ज्याला आपण शेतकरी कुटुंब म्हणतो, त्याला स्वतःच्या पिकापेक्षा मजुरी-पगाराची कमाई अधिक पोसते. लोहा-कंधार-मुखेडच्या माळावरची कोरडवाहू घरे ऊसतोडीलाही जातात. तिथे नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात आणि उचल त्या जोडीवर दिली जाते. कोकणात मुंबईच्या मनीऑर्डरीवर भातखाचरे टिकली; पंजाबात भातलावणीला बिहारचे मजूर येतात. लोह्याचा माणूस मात्र स्वतःच मजूर होऊन बाहेर पडतो आणि पेरणीला परततो.

घरच्या कष्टाची नोंद सरकारी हिशेबात एका ठिकाणी होते. कृषी खर्च व मूल्य आयोग प्रत्यक्ष केलेल्या खर्चात (ए-२) कुटुंबाच्या श्रमाचे मूल्य मजुरीच्या दराने मिळवतो आणि २०१८-१९ पासून या बेरजेच्या किमान दीडपट हमीभाव जाहीर होतो. स्वामिनाथन आयोगाच्या दीडपट भावाच्या शिफारशीवरून चालणारा वाद स्वतःच्या जमिनीचे भाडे व स्थिर भांडवलावरचे व्याजही धरणाऱ्या सी-२ खर्चाचा आहे. शेतकऱ्याच्या बायकोचा आषाढातला दिवस या हिशेबात मजुराच्या दराने लागतो. बियाण्याचा, कर्जाचा, पेरणीच्या वेळेचा निर्णय घेणारी म्हणून तिला दर नाही.

सातबारावर तिचे नाव क्वचितच असते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्ती कार्यक्रम हाती घेतला, त्यात नवऱ्याने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा असे आवाहन होते. हिंदू वारसा कायद्यातील १९९४ च्या राज्य दुरुस्तीने व २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने मुलीला वडिलार्जित मिळकतीत बरोबरीचा वाटा दिला. प्रत्यक्षात हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेण्याची रीत कायद्याहून बळकट ठरली आहे.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुले. वर्षाला ६,००० रुपये मिळतात ते जमीनधारक कुटुंबाला. एकत्र राबणारे आई-वडील व सज्ञान मुलगा नावावर वेगळी जमीन असेल तर दोन कुटुंबे ठरतात. उलट स्वतःची जमीन नसलेले, दुसऱ्याचे रान बटईने कसणारे घर, त्यातली सगळी माणसे वर्षभर मातीत असली तरी, या व्याख्येत बसत नाही.