पवईचा कुत्रा आणि परदेशाची वेस: एका बंद दाराचा दोनशे वर्षांचा इतिहास

१/ पवई तलावाच्या काठी पाळीव कुत्र्याला घेऊन फिरणाऱ्या कुटुंबाला तोच कुत्रा बरोबर घेऊन पॅरिस पाहायचे असेल, तर विमानतळ अवघ्या काही किलोमीटरवर आहे. परवानगी मात्र किमान चार महिन्यांच्या अंतरावर. हे अंतर कोणी आखले आणि का, याचा हा धागा. 🧵

२/ पवई आणि परदेश यांचे नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पवईची जमीन फ्रामजी कावसजी बानाजी या पारशी धनिकाकडे होती. तेथे त्यांनी आंब्याची लागवड केली आणि १८३८ साली आपल्या बागेतले आंबे आगबोटीने थेट राणी व्हिक्टोरियाला धाडले. फळाला समुद्र ओलांडता आला. कुत्र्याची कथा वेगळी होती.

३/ कारण त्याच काळात मुंबईत कुत्रा हा दंग्याचा विषय झाला होता. १८१३ च्या नियमानुसार उन्हाळ्याच्या ठरावीक दिवसांत भटकी कुत्री मारण्याची मुभा होती. १८३२ साली ही मुदत वाढवण्यात आली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळत. बक्षिसाच्या लोभाने घरांतली पाळीव कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली.

४/ पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. अंत्यविधीतील ‘सगदीद’ हा संस्कार कुत्र्याच्या नजरेवाचून पूर्ण होत नाही. ६ जून १८३२ रोजी कोटात संताप उसळला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली आणि हिंदू, जैन व मुसलमानही त्यात सामील झाले. सरकारला लष्कर बोलवावे लागले. अखेर मागणी पुढे आली ती अशी: कुत्री मारू नका, शहराबाहेर न्या.

५/ दोन्ही बाजूंच्या मागे एकच भय होते: पिसाळलेला कुत्रा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ. त्यावर उपाय नव्हता, म्हणून लाठी हाच उपाय ठरला होता. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस देण्यास आरंभ केला. तो मुलगा वाचला.

६/ लस आली, तरी सीमा उघडल्या नाहीत. उलट त्या मिटल्या. ब्रिटनने १८९७ च्या आदेशाने बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांवर विलगीकरण लादले आणि पुढे सहा महिन्यांची मुदत रूढ झाली. १९०२ पर्यंत त्या बेटावरून रेबीज नाहीसा झाला. पहिल्या महायुद्धानंतर सैनिकांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर १९१८ मध्ये तो परतला. त्याचे पुन्हा उच्चाटन होण्यास १९२२ साल उजाडले.

७/ मराठी मुलखातल्या कुत्र्यांनीही हा समुद्र ओलांडला. आज कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात असलेले मुधोळ हे घोरपड्यांचे संस्थान. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी सडपातळ, वेगवान शिकारी कुत्र्यांच्या जातीला राजाश्रय दिला आणि त्यांची एक जोडी सम्राट पाचव्या जॉर्ज यांना भेट दिली. राजाची भेट समुद्रापार जाऊ शकली. सामान्य घरातल्या कुत्र्यापुढे मात्र सहा महिन्यांची कोठडी होती.

८/ सहा महिनेच का? रेबीजचा विषाणू शरीरात शिरल्यानंतर आठवडे, कधी महिनेही गुप्त राहतो. त्या काळात जिवंत कुत्र्याची खात्रीलायक तपासणी करता येत नाही. म्हणून वाट पाहणे हीच तपासणी. फेब्रुवारी २००० मध्ये ब्रिटनने सूक्ष्मचिप, लस आणि रक्तचाचणी यांच्या आधारे काही देशांतल्या प्राण्यांना सूट दिली. भारतासारख्या देशांसाठी सहा महिन्यांची अट सुटली ती १ जानेवारी २०१२ रोजी.

९/ भारतातून युरोपीय संघात जाणाऱ्या कुत्र्याचा आजचा क्रम असा: आधी सूक्ष्मचिप, मग लस. किमान ३० दिवसांनी रक्तचाचणी. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत प्रतिपिंडे प्रति मिलिलिटर किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरली पाहिजेत. रक्त घेतल्यापासून आणखी तीन महिने थांबायचे. लशीआधीच संसर्ग झाला असेल, तर तो या काळात उघड व्हावा, हा हेतू. सहलीची तारीख ठरते ती तिकिटावर नव्हे, रक्ताच्या नमुन्यावर.

१०/ इतरत्र दार आणखी अरुंद आहे. ऑस्ट्रेलियात भारतातून कुत्रा थेट नेता येत नाही. त्याला आधी मान्य देशात मुक्काम करावा लागतो. अमेरिकेच्या ‘उच्च जोखीम’ यादीत भारत आहे. परतीच्या वाटेवरही भारताच्या प्राणी विलगीकरण विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ज्याला महिनाभराची सहल करायची आहे, त्याच्यापुढे बहुधा एकच प्रश्न उरतो: कुत्र्याला कोणाकडे ठेवायचे?

११/ हा अविश्वास त्या एका लसवंत कुत्र्यावर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेबीजने जगात होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात, आणि बळींत मुलांचे प्रमाण मोठे आहे. सोफ्यावरच्या कुत्र्याचा प्रवास अडतो तो रस्त्यावरच्या कुत्र्याला लस न मिळाल्यामुळे. दोघांचे नशीब एकाच साखळीला बांधलेले आहे.

१२/ ही साखळी तुटू शकते, हे गोव्याने दाखवले. तेथे राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ यांनी गल्लोगल्ली जाऊन भटक्या कुत्र्यांना लस दिली, शाळांतून मुलांना माहिती दिली. सलग तीन वर्षे एकही मानवी बळी न गेल्याने २०२१ साली गोवा हे रेबीज नियंत्रणात आणणारे देशातले पहिले राज्य म्हणून घोषित झाले.

१३/ १८३२ च्या मुंबईसमोर दोनच पर्याय होते: मारा किंवा हाकला. तिसरा पर्याय तेव्हा जन्मलाच नव्हता. आज तो प्रत्येक पशुवैद्यकाच्या शीतपेटीत आहे. पवईच्या कुत्र्याला आयफेल मनोऱ्यापाशी नेणारा रस्ता दूतावासातून नंतर जातो. आधी तो पवईच्याच गल्लीतल्या भटक्या कुत्र्यापाशी थांबतो.