भाऊबंदाच्या हातीं आलेलें राज्य

राज्य मिळविणाऱ्या पुरुषाचें चरित्र सर्वांना आवडतें. त्याच्या भाऊबंदांचें चरित्र फारसें कोणी वाचीत नाहीं. परंतु एखादें राजकुल कां बुडालें हें समजून घ्यावयाचें असेल, तर पुष्कळदां त्या भाऊबंदांकडेच वळावें लागतें. प्राचीन चीनमधील अशाच एका भाऊबंदाची हकीकत मी आज आपणांस सांगणार आहें. त्याचें नांव त्साओ शुआंग. दहा वर्षें तो उत्तर चीनच्या कारभाराचा धनी होता, आणि अवघ्या कांहीं दिवसांत तो सहकुटुंब नाहींसा झाला.

प्रथम थोडी पूर्वपीठिका पाहूं. सुमारें चारशें वर्षें चीनवर हान घराण्याचें राज्य होतें. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तें खिळखिळें झालें, आणि प्रांतोप्रांतीं सेनानायक स्वतंत्र झाले. त्यांत सर्वांत चतुर निघाला तो त्साओ त्साओ. इ. स. १९६ मध्यें त्यानें निराधार फिरत असलेल्या तरुण हान बादशहाला आपल्या आश्रयाखालीं शू या नगरीं आणून ठेवलें. तेव्हांपासून तलवार त्साओ त्साओची, पण हुकूम बादशहाचा, अशी व्यवस्था सुरू झाली. जो त्याच्याविरुद्ध उठेल तो राजद्रोही ठरे. या एका युक्तीचें बळ मोठ्या लष्कराहून अधिक होतें. इ. स. २२० मध्यें तो वारला; त्याच वर्षीं त्याच्या मुलानें शेवटच्या हान बादशहाला पदच्युत करून वेई घराणें स्थापिलें व लोयांग येथें राजधानी केली. नैर्ऋत्येस शू-हान आणि आग्नेयेस वू, अशीं दोन प्रतिस्पर्धी राज्यें उभीं राहिलीं. शू-हानचा शू व शू नगर यांचा संबंध नाहीं. त्या नगराला पुढें शूचांग हें नांव मिळालें, तें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें.

त्साओ शुआंगचा बाप त्साओ चन हा त्साओ त्साओच्या नात्यांतला. लहानपणींच पोरका झाल्यामुळें त्साओ त्साओनें त्याला आपल्या मुलांबरोबर वाढविलें. तो मोठा होऊन नामांकित सेनापति झाला. त्याचा मुलगा शुआंग मात्र राजवाड्यांतच रुळलेला. दुसरा वेई बादशहा युवराज असल्यापासून त्याचा शुआंगवर लोभ होता. इ. स. २३९ च्या आरंभीं हा बादशहा मरणोन्मुख झाला. गादीवर बसणारा दत्तक मुलगा आठ वर्षांचा. राज्य कोणाच्या हवालीं करावें? प्रथम एका राजपुत्राचें नांव ठरलें होतें. पण दोघां दरबारी मंडळींनीं बादशहाचें मन फिरविलें आणि शुआंगचें नांव पुढें केलें. "हें काम तुला पेलेल काय?" असें बादशहानें विचारतांच शुआंगला घाम फुटला, तोंडांतून शब्द निघेना. तेव्हां शेजारच्यानें त्याचा पाय दाबून कानांत उत्तर सांगितलें, अशी कथा आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, पुढील इतिहास तिच्याशीं विसंगत नाहीं.

शुआंगच्या जोडीला दुसरा पालक नेमला गेला तो सूमा यी. हा साठीचा अनुभवी मुत्सद्दी; त्यानें अनेक स्वाऱ्या जिंकल्या होत्या. आरंभीं शुआंग त्याला वडिलांसारखा मान देई. परंतु लवकरच मित्रांच्या सल्ल्यानें त्यानें सूमा यीला बादशहाचा महागुरु हें पद देवविलें. मान वाढला, आणि कारभारांतील हात मात्र सुटला. शुआंगचे भाऊ पहाऱ्याच्या फौजांवर आले, मित्र मोठमोठ्या खात्यांवर आले. त्यांत हो येन हा विद्वान होता. कन्फ्यूशियसच्या वचनांवरील त्याची टीका आजही अभ्यासली जाते. म्हणजे शुआंगभोंवतीं केवळ खुशमस्करेच होते असें नव्हे.

परंतु कारभाऱ्याला लष्करी कीर्ति हवी असें मित्रांनीं भरविल्यामुळें इ. स. २४४ मध्यें शुआंगनें शू-हानवर स्वारी काढली. सूमा यीनें विरोध केला, तो ऐकला गेला नाहीं. डोंगरांतील अरुंद वाटेंत फौज अडकून पडली. रसद ओढतां ओढतां बैल, घोडे, खेंचरें, गाढवें मरून गेलीं. शेवटीं मोठी हानि सोसून परतावें लागलें. इकडे घरीं बादशाही थाटाचीं भांडीं, वस्त्रें, तळघरांतील मेजवान्या चालूच होत्या. धाकट्या भावानें डोळ्यांत पाणी आणून सावध केलें, पण उपयोग झाला नाहीं.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही हकीकत ज्यानें लिहून ठेवली तो इतिहासकार छन शौ सूमा यीच्या वंशजांच्या राज्यांत राहत होता. जेत्याच्या घरांत बसून पराभूताचे दोष लिहितांना लेखणी थोडी सैल सुटते. म्हणून चैनीच्या या कथांतून कांहीं वजा करून घ्यावें. पण २४४ ची फसलेली स्वारी आणि २४९ मधील ती एक रात्र वजा करतां येत नाहीं.

इ. स. २४७ मध्यें सूमा यीनें आजाराचें निमित्त करून दरबार सोडला. पुढच्या वर्षीं शुआंगचा एक मित्र प्रांताधिकारी होऊन जातांना त्याच्या भेटीस गेला. म्हाताऱ्याच्या हातांतून वस्त्र गळालें, दासीनें भरविलेली पेज छातीवर सांडली, प्रांताचें नांव भलतेंच ऐकूं आलें. मित्रानें परत येऊन सांगितलें, याची आतां भीति नको.

इ. स. २४९ च्या फेब्रुवारींत तरुण बादशहा आपल्या पित्याच्या समाधीच्या दर्शनास लोयांगच्या दक्षिणेस गेला. शुआंग व त्याचे भाऊ बरोबर होते. सर्व भावांनीं एकाच वेळीं शहर सोडूं नये, असें ह्वान फान नांवाच्या वृद्ध मंत्र्यानें पूर्वींच बजावलें होतें. मंडळी बाहेर पडतांच तो "मरणोन्मुख" म्हातारा उठला. त्यानें वेशी बंद केल्या, शस्त्रागार घेतलें, राजमातेच्या नांवानें शुआंगला पदच्युत करणारा हुकूम काढला आणि लो नदीचा पूल अडविला.

ह्वान फान शहरांतून निसटून शुआंगकडे धांवला. त्याची मसलत सरळ होती. बादशहा आपल्यापाशीं आहे. त्याला घेऊन शूचांगला चला आणि तेथून प्रांतोप्रांतींच्या फौजा बोलवा. धान्याचा प्रश्न नाहीं, कारण कृषिमंत्र्याचा शिक्का माझ्याजवळ आहे.

शूचांग! म्हणजे तेंच नगर, जेथें त्रेपन्न वर्षांपूर्वीं त्साओ त्साओनें बादशहाला नेऊन राज्य उभारलें. ज्या साधनांनीं घराणें वर आलें तींच साधनें आज शुआंगच्या हातीं होतीं: तरुण बादशहा, शिक्का आणि तटबंदीचें नगर. वाण होती ती फक्त त्साओ त्साओची.

तिकडून निरोप आला कीं, फक्त पद सोडा, जिवाला व संपत्तीला धक्का लागणार नाहीं. सूमा यीनें लो नदीकडे बोट करून तशी शपथ वाहिली. रात्रभर भाऊ मुकाट्यानें बसून राहिले. पहांटे शुआंगनें तलवार खालीं टाकली. अधिकार गेला तरी आपण श्रीमंत गृहस्थ म्हणून राहूं, असें तो म्हणाला. ह्वान फान ढसढसां रडला. अशा बापाच्या पोटीं असे पुत्र यावे याचें त्याला दुःख झालें.

शुआंग घरीं परतला, तो वाड्याभोंवतीं पहारा बसला आणि चारी कोपऱ्यांवर मनोरे उभे राहिले. बागेंत फिरावयास गेला तरी वरून पुकारा होई. त्यानें सूमा यीकडे धान्य मागितलें. तांदूळ व वाळवलेलें मांस आलें, तेव्हां आपण वांचलों असें त्याला वाटलें. पण लगेच एका खोजाच्या जबानीवरून राजद्रोहाचा आरोप आला. शुआंग, त्याचे भाऊ, हो येन, ह्वान फान आणि त्यांचे आप्त, अगदीं सासरीं गेलेल्या लेकीबहिणींसुद्धां, मारले गेले. पहिल्या दिवसापासून एक आठवडाही लोटला नव्हता.

शुआंगची चूक ती कोणती? तो उधळा होता, हें खरें. पण उधळे पुष्कळ असतात. नात्यामुळें मिळालेली सत्ता त्याला वाडवडिलांच्या इस्टेटीसारखी वाटली. इस्टेट सोडून द्यावी आणि घर राखावें, असा त्याचा हिशेब. परंतु सत्ता ही राखण असते. ती टाकून देणाराबरोबर, ज्यांनीं त्याच्यावर विश्वास ठेवला ते सर्व उघडे पडतात. आणि पहाऱ्यांतला तो तरुण बादशहा? त्याला २५४ मध्यें सूमा यीच्या मुलानें गादीवरून काढलें. पुढें २६६ च्या आरंभीं सूमा यीच्या नातवानें वेई घराणें संपवून चिन घराणें स्थापिलें.

जेत्यानेंही या यशाची किंमत दिली. सुमारें पाऊणशें वर्षांनंतर, उत्तर चीन हातचें जाऊन चिन दरबार दक्षिणेस आला असतां, तरुण बादशहा मिंग यानें मंत्र्याला विचारलें कीं, आमच्या घराण्याला राज्य कसें मिळालें? मंत्र्यानें सर्व सांगितलें. तें ऐकून बादशहानें अंथरुणांत तोंड लपविलें आणि, असें असेल तर आमचें राज्य टिकणार तरी कसें, असे उद्गार काढले, अशी आख्यायिका आहे. लो नदीच्या कांठीं मोडलेली शपथ शपथ घेणाराच्या वंशालाही विसरतां आली नाहीं.