हौदाच्या तीन वाटा

दख्खनच्या मुसलमानांचा इतिहास सांगायला बसले की गोष्ट लढाया, तह आणि तख्त यांच्यापुढे जात नाही. पाणी आणणारा, चुना मळणारा, हौदात कमळ लावणारा माणूस त्यात दिसत नाही. आम्ही त्याला हौदापाशीच शोधतो.

मलिक अंबर हबशी गुलाम म्हणून दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. 1610 साली त्याने खडकी वसवली. आजचे छत्रपती संभाजीनगर ते हेच. नहर-ए-अंबरीने त्याने शहराला पाणी दिले, तेही जमिनीखालून, निव्वळ उताराच्या बळावर. 1626 मध्ये तो वारला, पण विद्या राहिली. 1744 च्या सुमारास बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात पाणचक्की उभी राहिली ती याच विद्येवर. हर्सूलकडून आलेले पाणी चक्की फिरवी, हौदात उतरे आणि वरकड खाम नदीला मिळे. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत, म्हणून तिथे गारवा. दळण, वुजू, गारवा, शोभा – एकाच पाण्याकडून चार कामे.

हौदाला येण्याची, थांबण्याची आणि जाण्याची अशा तीन वाटा लागतात, हे त्या कारागिरांना पक्के ठाऊक होते. हौदाच्या मापातही शिस्त होती. हनफी फिकहमध्ये दहा हात लांब, दहा हात रुंद हौद मोठा मानतात. रंग, वास, चव बदलत नाही तोवर त्याचे पाणी पाक. कोकणातले आपले शाफई बांधव दोन कुल्ल्यांचे माप धरतात. तेवढे पाणी परसातल्या हौदातही मावते.

परसात हौद करायचा तर जागा उन्हाची हवी, पानगळीच्या झाडाखालची नको. काठ पाणसळीत घ्यावा, नाहीतर पाणी एकाच बाजूने सांडते. नव्या चुन्याचे किंवा सिमेंटचे पाणी मासळीला मारते, म्हणून हौद दोन-चारदा भरून रिकामा करावा. कमळाचा कंद पसरट कुंडीत, चिकण मातीत लावून वर खडी पसरावी. कारंज्याच्या उडत्या पाण्यापासून तो लांब ठेवावा. पानांची सावली पडली की शेवाळ कमी होते, गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात. सांडवा अळू-केळीकडे सोडावा.

घरोघर नळ आले तसे अनेक वाड्यांतले हौद बुजवले गेले. डास होतात, हे कारण सांगितले जाई. डास खरेच होते. पण ते हौदामुळे नव्हे, पाण्याची तिसरी वाट बंद झाल्यामुळे.

नहर खणणाऱ्या गवंड्यांची नावे तवारिखांत सापडत नाहीत. त्यांचा इल्म मात्र उतारात आणि सांडव्यात शाबूत आहे. परसातला चार हातांचा हौद वाहता ठेवणे, हेही त्यांची आठवण ठेवणेच आहे.