जपमाळ आणि दहा आज्ञा : एका जर्मन छत्रीधारी सैनिकाची युद्धसेवा

प्रेषित पौलाने मंडळ्यांची व्यवस्था लावण्यासाठी तीताला ज्या बेटावर मागे ठेवले ते क्रेत बेट आपल्या वाचकांस परिचित आहे. २० मे १९४१ रोजी सकाळी त्याच बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर जर्मन छत्रीधारी सैनिक आकाशातून उतरू लागले. मुख्यतः हवाई मार्गाने एवढे मोठे बेट जिंकण्याचा इतिहासातील तो पहिलाच प्रयत्न होय. खानिया नगराच्या नैर्ऋत्येस, तुरुंगाच्या इमारतीमुळे जिला इंग्रज सैनिक 'तुरुंगाची दरी' म्हणत, त्या खोऱ्यात उतरलेल्या एका पलटणीचे नायक होते कॅप्टन फ्रीडरिख आउगुस्ट फॉन डेर हायटे. त्यांच्या युद्धसेवेचा वृत्तान्त ख्रिस्ती सेवकांनी लक्षपूर्वक वाचावा असा आहे. कारण हा मनुष्य केवळ नावाचा ख्रिस्ती नव्हता.

हायटे यांचा जन्म १९०७ साली म्यूनिक येथे एका सरदार घराण्यात झाला. घराणे बव्हेरियातील, रोमन कॅथॉलिक. तरुणपणी सैन्यात प्रवेश, मग कायद्याचे आणि विशेषतः आंतरराष्ट्रीय कायद्याचे अध्ययन, आणि पुन्हा सैन्य, असा त्यांचा जीवनक्रम होता. १९३३ साली ते नाझी पक्षाचे सभासदही झाले. तथापि त्यांची धर्मनिष्ठा लपलेली नव्हती. हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याने त्यांना उपहासाने 'जपमाळवाला छत्रीधारी' असे नाव ठेवले होते. या उपहासामागे एक वस्तुस्थिती आहे. जर्मन छत्रीधारी सैनिक हे हवाई दलाचा भाग होते, आणि भूदलात व नौदलात धर्मगुरू असले तरी हवाई दलाला स्वतःचे धर्मगुरू नव्हते. हजारो तरुण मृत्यूच्या दारी उभे राहत आणि त्यांच्याबरोबर प्रार्थना करणारा कोणीही अधिकृत सेवक नसे.

धर्मगुरू नव्हते, परंतु आज्ञा मात्र होत्या. सीनाय पर्वतावरील आज्ञांच्या संख्येचे सरळ अनुकरण करून या सैनिकांसाठी दहा आज्ञा तयार करण्यात आल्या होत्या. त्यांतील बहुतेक आज्ञा साध्या लष्करी शिकवणीच्या आहेत : सोबत्याला साथ द्या, कमी बोला, दारूगोळा जपून वापरा. नववी आज्ञा मात्र वेगळी आहे. उघडपणे लढणाऱ्या शत्रूशी वीरधर्माने वागावे, परंतु गनिमाला दया दाखवू नये, असा तिचा आशय आहे. एकाच वाक्यात दयेची मर्यादाही आखली गेली आणि ती मर्यादा कोठे आहे हे ठरविण्याचा अधिकार हातात बंदूक असलेल्याला मिळाला.

क्रेतमध्ये या आज्ञेची कसोटी लागली. छत्रीधारी सैनिक उडी मारी तेव्हा त्याच्याजवळ बहुधा पिस्तूल आणि हातबाँबच असत. बंदुका वेगळ्या पेट्यांतून खाली येत. त्या पेटीपर्यंत पोहोचण्याआधीच कित्येक जण मारले गेले. बेटावरील तरुणांची तुकडी पूर्वीच मुख्य भूमीवर, अल्बानियाच्या आघाडीवर गेली होती. म्हणून कोयते, कुऱ्हाडी आणि जुन्या बंदुका घेऊन म्हातारे, स्त्रिया, मुले, काही ठिकाणी तर गावचे ऑर्थोडॉक्स धर्मगुरूही रानात उतरले. जर्मन प्रेतांची विटंबना होत असल्याच्या वार्ता पसरल्या. नंतर झालेल्या जर्मन चौकशीतच असे प्रकार फार थोडे असल्याचे आढळले. परंतु सूड तोवर घेऊन झाला होता.

३१ मे रोजी छत्रीधारी सैन्याचा सेनापती कुर्ट श्टुडेंट याने हुकूम काढला. न्यायालयाची औपचारिकता न पाळता गोळ्या घालाव्यात, गावे जाळावीत, पुरुष मारावेत असा त्याचा मथितार्थ होता. २ जून रोजी मालेमेजवळच्या कोंदोमारी गावातील पुरुषांना ऑलिव्हच्या मळ्यात नेऊन ठार करण्यात आले. जर्मन नोंदीत मृतांची संख्या २३ आहे. इतर वृत्तान्तांत ती ६० पर्यंत जाते. दुसऱ्याच दिवशी कांदानोस हे गाव जमीनदोस्त करण्यात आले. कोंदोमारी येथे गोळीबार करणाऱ्या तुकडीचा नायक होता लेफ्टनंट हॉर्स्ट ट्रेबेस. सैन्याबरोबर असलेल्या फ्रान्झ-पीटर वाइक्स्लर या छायाचित्रकाराने तो सारा प्रसंग टिपला : बायकामुलांपासून पुरुष वेगळे काढणे, झाडांखाली उभे करणे, शेवटी जमिनीवर पडलेला ढीग. पुढे वाइक्स्लरला गेस्टापोने अटक केली. १९४५ साली त्याने या हत्याकांडाची लेखी साक्ष दिली, आणि १९८० साली ती छायाचित्रे जर्मन दप्तरखान्यात एका ग्रीक पत्रकाराच्या हाती लागली. त्या चित्रांतील सैनिक राक्षसासारखे दिसत नाहीत. ते दमलेले, उन्हाने रापलेले तरुण आहेत. आणि हेच त्या चित्रांचे सर्वांत अस्वस्थ करणारे अंग आहे.

हायटे यांची पलटण कोंदोमारीत नव्हती. २७ मे रोजी ते खानियात शिरले होते, आणि या हत्येचा दोष त्यांच्यावर ठेवणे अन्यायाचे होईल. परंतु ते कायद्याचे पंडित होते. ज्या वर्षी त्यांचा जन्म झाला त्याच वर्षी, १९०७ साली, हेग येथे झालेल्या करारात दोन गोष्टी नमूद आहेत. शत्रू चालून येताना ज्या प्रदेशातील रहिवासी आपण होऊन उघडपणे शस्त्र उचलतात, त्यांना युद्धाचे नियम पाळल्यास योद्ध्यांचाच दर्जा मिळतो. आणि व्यक्तीच्या कृत्याबद्दल साऱ्या गावाला दंड करता येत नाही. नववी आज्ञा ज्याला गनीम म्हणते तो क्रेतमधील शेतकरी कायद्याच्या दृष्टीने पुष्कळदा योद्धाच होता. हे त्या सैन्यात ज्या थोड्यांना ठाऊक असण्याजोगे होते, त्यांपैकी हायटे एक.

९ जुलै १९४१ रोजी हायटे यांना नाइट्स क्रॉस हे मानचिन्ह देण्यात आले. त्याच दिवशी ते ट्रेबेसलाही मिळाले. ख्रिस्ताच्या वधस्तंभाचा तो आकार दोघांच्याही गळ्यात एकाच दिवशी आला, आणि हा योगायोग पुढे अधिक घट्ट झाला. १९४४ साली नॉर्मंडीत हायटे सहाव्या छत्रीधारी रेजिमेंटचे प्रमुख होते, आणि तिच्या तिसऱ्या पलटणीचा नायक होता हॉर्स्ट ट्रेबेस.

६ जून रोजी सेंट-कोम-द्यू-माँ येथील चर्चच्या मनोऱ्यावर चढून हायटे यांनी समुद्राकडे पाहिले, तेव्हा क्षितिजापर्यंत दोस्तांची जहाजे पसरलेली होती. पुढे कारांताँ नगराच्या रक्षणासाठी त्यांच्या रेजिमेंटने झुंज दिली. दारूगोळा संपत आल्यावर त्यांनी नगर सोडले आणि त्याबद्दल एस.एस. सेनानींचा रोष ओढवून घेतला. ट्रेबेस जुलैच्या अखेरीस तेथेच मारला गेला.

त्याच वर्षीच्या डिसेंबरातील आर्देन मोहिमेचा तपशील फार द्यावयास नको. १७ तारखेच्या पहाटे, ज्यांतील कित्येकांनी युद्धात कधी उडी मारली नव्हती अशा सुमारे हजार-बाराशे सैनिकांसह बेल्जियममधील बर्फाळ रानात त्यांना उतरविण्यात आले. नवशिक्या वैमानिकांनी माणसे मैलोगणती विखुरली. नेमल्या जागी सुमारे तीनशेच जमले. हायटे यांचा हात आधीच मोडलेला होता. आपल्या जखमींना त्यांनी पकडलेल्या अमेरिकन कैद्यांबरोबर अमेरिकन रेषेकडे पाठविले, उरलेल्यांना लहान गटांनी परतण्यास सांगितले आणि नाताळच्या तोंडावर मॉन्शाऊ येथे शरण गेले. उघड शत्रूशी वीरधर्माने वागण्याचा आज्ञेचा पूर्वार्ध त्यांनी प्रामाणिकपणे पाळला, हे मान्य केलेच पाहिजे.

इंग्लंडमध्ये त्यांना ट्रेंट पार्क या वाड्यात ठेवण्यात आले. तेथील खोल्यांत गुप्त ध्वनिग्राहक बसविलेले होते. कैदी अधिकाऱ्यांच्या संभाषणांच्या नोंदी २००५ साली जर्मनीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्यांत हायटेही बोलताना आढळतात : बव्हेरियातील यहुद्यांना नेऊन ठार करण्यात आले, मनोरुग्णांना विषारी वायूने मारण्यात आले, अशा आशयाचे ते बोलणे आहे. म्हणजे शरण जाण्यापूर्वीच हे त्यांच्या कानांवर आलेले होते, आणि तरीही आर्देनच्या रानातील त्या उडीपर्यंत त्यांनी त्याच राज्याची सेवा केली. जपमाळ आणि ही माहिती एकाच मनुष्याजवळ होती. आपण पापांगीकाराची शिकवण देताना केलेल्या कृत्यांची यादी करावयास सांगतो; ऐकून गप्प राहिलेल्या गोष्टींची यादी करावयास क्वचितच सांगतो.

युद्धानंतर हायटे माइन्झ आणि मग व्युर्त्सबुर्ग येथे आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्राध्यापक झाले. १९७२ साली गनिमी युद्धावर त्यांचा ग्रंथ निघाला. १९९४ साली ते निवर्तले. सेनापती श्टुडेंटवर १९४६ साली ब्रिटिश लष्करी न्यायालयापुढे खटला चालला तो युद्धकैद्यांच्या बाबतीत. क्रेतच्या गावकऱ्यांच्या हत्येबद्दल त्याला कधीच जाब द्यावा लागला नाही.

कोंदोमारीपासून जवळच, मालेमेच्या टेकडीवर, १९७४ साली जर्मन सैनिकांचे कबरस्तान रीतसर खुले झाले. तेथे ४,४०० हून अधिक जर्मन पुरलेले आहेत. अनेक वर्षे त्या कबरांची निगा राखणारा मनुष्य होता योर्गोस प्सिखुंदाकिस : क्रेतचा एक मेंढपाळ, जो युद्धकाळात जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या गनिमांचे निरोप डोंगर ओलांडून पोहोचवीत असे.