परवाना गेला म्हणजे बँक बुडाली का?

माझ्या पहिल्या मसुद्यात मी सरळ लिहून टाकलं होतं, "२०२० मध्ये कोल्हापूरची सुभद्रा लोकल एरिया बँक बुडाली." गाइडनी 'बुडाली' भोवती लाल गोल केला आणि शेजारी लिहिलं, कशावरून? एमएस्सीला एकक चुकलं की मार्क जायचे, तसंच हे झालं.

झालं काय होतं ते बघा. रिझर्व्ह बँकेने २४ डिसेंबर २०२० रोजी या बँकेचा परवाना रद्द केला. २०१९-२० मध्ये दोन तिमाहींत किमान नक्तमालमत्तेची अट मोडली गेली, आणि कारभार ठेवीदारांच्या हिताला बाधक आहे, असं कारण दिलं. पण त्याच पत्रकात असंही म्हटलंय की सर्व ठेवीदारांचे पैसे परत करण्याइतकी रोकड सुलभता बँकेकडे आहे! म्हणजे पैसे होते, अधिकार गेला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अधिकार काढण्याचं कलम म्हणजे बँकिंग नियमन कायदा, १९४९ चं २२(४). त्याविरुद्ध तीस दिवसांत केंद्र सरकारकडे अपील करता येतं. बँक गुंडाळायचं काम मात्र उच्च न्यायालयाचं, त्यासाठी रिझर्व्ह बँकेला तिथे अर्ज करावा लागतो.

आता उलटं उदाहरण घ्या. बीसीसीआय या परदेशी बँकेची मुंबईत एक शाखा होती. ५ जुलै १९९१ ला अनेक देशांच्या नियंत्रकांनी ही बँक घोटाळ्यापायी बंद पाडली. इथे मूळच उखडलं, मग मुंबईची फांदी कशी टिकणार? शेवटी स्टेट बँकेने ती शाखा घेतली, त्यातून एसबीआय कमर्शियल अँड इंटरनॅशनल बँक उभी राहिली आणि २०११ मध्ये तीही स्टेट बँकेत विलीन झाली.

तिसरा प्रकार परदेशी बँकेच्या प्रतिनिधी कार्यालयाचा. त्याला ठेवी घेता येत नाहीत, कर्ज देता येत नाही, फक्त संपर्काचं काम. परवानगी लागते ती रिझर्व्ह बँकेचीच. ती गेली तर दारात ठेवीदारांची रांग लागत नाही, कारण ठेवीदारच नसतात. म्हणून वर्तमानपत्रात त्याची बातमीही सहसा सापडत नाही. कात्रणांवर विसंबून यादी करायला बसलात तर हा प्रकार तुमच्या यादीत येणारच नाही, मूळ आदेशच बघावे लागतात.

माझ्या मसुद्यात आता 'परवाना रद्द झाला' असं आहे. लाल गोल अजून एका शब्दाभोवती आहे: 'लिक्विडेशन'.