‘पूर्ण’ या शब्दाची वाटचाल

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने शिष्यांना स्वर्गीय पित्यासारखे ‘पूर्ण’ होण्यास सांगितले (मत्तय ५:४८). लहानपणी हे वचन कानी पडले की पापनिवेदनाच्या रांगेत छातीत धस्स होई. एकही चूक न करणारा माणूस तरी कोणी पाहिला आहे?

ही धास्ती बरीचशी शब्दाच्या प्रवासातून आलेली आहे. संत मत्तयाच्या ग्रीक शुभवर्तमानात येथे ‘तेलेइओस’ हा शब्द आहे. ‘तेलोस’ म्हणजे शेवट, उद्दिष्ट. उद्दिष्टाला पोहोचलेला तो तेलेइओस. वयात आलेल्या, जाणत्या माणसालाही ग्रीक लोक तेलेइओसच म्हणत. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात वल्हांडणाच्या कोकरासाठी (निर्गम १२:५) हाच शब्द योजला आहे. तेथील मूळ हिब्रू शब्द ‘तामीम’, म्हणजे अव्यंग, धडधाकट.

पोप दमासस यांच्या सांगण्यावरून संत जेरोम यांनी इ.स. ३८२ च्या सुमारास लॅटिन शुभवर्तमानांच्या संशोधनाचे काम हाती घेतले. त्यांच्या पाठात येथे ‘पेर्फेक्तुस’ या शब्दाचे रूप आहे. अर्थ, पुरतेपणी घडवून झालेले. शब्द चुकीचा नव्हे. परंतु त्यात वाढीपेक्षा कारागिरी अधिक दिसते. पुढे युरोपीय भाषांत त्याला ‘निर्दोष’ हा अर्थ घट्ट चिकटला. असली पूर्णता व्रतस्थांसाठी, प्रापंचिकांनी आज्ञा पाळल्या की पुरे, अशी समजूतही रुजली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या २१ नोव्हेंबर १९६४ च्या ख्रिस्तसभाविषयक संविधानाने याच वचनाच्या आधारे पावित्र्याचे पाचारण सर्वांनाच आहे, असे स्पष्ट केले.

वास्तविक वचनाचा संदर्भ शत्रुप्रेमाचा आहे. सूर्य आणि पाऊस सज्जन-दुर्जन पाहत नाहीत. संत लूकने तर तेच सांगताना (६:३६) सरळ ‘दयाळू’ म्हटले आहे.

मराठीत ‘सर्वोत्कृष्ट’ म्हटले असते तर स्पर्धा आली असती. ‘निर्दोष’ म्हटले असते तर पुन्हा तीच धास्ती. आपल्या प्रचलित भाषांतराने ‘पूर्ण’ हा साधा शब्द निवडला. क्रुसावरील प्रभूच्या अखेरच्या उद्गारात (योहान १९:३०) ग्रीकमध्ये ‘तेलोस’चेच क्रियापद आहे. लॅटिनमध्ये तेथे शब्द बदलतो आणि हे नाते दिसेनासे होते. मराठीत मात्र तेथेही ‘पूर्ण’च आहे.